चक्री तिकीट

चंपतराव आणि आवडाबाई लग्नाच्या दिवसानंतर कधी एका गाडीत बसले नाहीत, असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, एवढं काय वाकडं आलं असेल बाप्पा या दोघांचं. वाकडं-बिकडं काही नाही. वाशीमच्या बाहेर रिसोड रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा आहे, एवढीच गोष्ट. ज्याच्या घरी मळा नाही त्याला हे कळायचं नाही. वांगी आज तोडली नाहीत तर परवा जून होतात आणि बाजारात त्यांना कोणी हुंगत नाही. पालक वेळेवर कापला नाही की तुऱ्यावर जातो. विहिरीवरच्या मोटारीची लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. वरून दारात म्हैस बांधलेली, आणि म्हशीला रविवार समजत नाही. म्हणून मळेवाल्यांच्या घरात एक कायदा असतो, कोणी न केलेला पण सगळ्यांनी पाळलेला. एकानं जायचं, एकानं राहायचं.

आवडाबाईचा बाप शिरपूरला वारला तेव्हा ती एकटी रडत गेली आणि एकटी रडून आली. चंपतच्या मोठ्या भावाची तेरवी कारंज्याला झाली, तिथं चंपत एकटा गेला. पोटच्या पोरीचं, तनुजाचं लग्न वाशीमातच होतं, मंगल कार्यालयही घरापासून लांब नव्हतं. तरी डोक्यावर अक्षता पडल्या न पडल्या तोच चंपत मळ्यात ओलिताला निघून गेला. पोरगी गाडीत बसताना मान वळवून वळवून बापाला शोधत होती. आवडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "येतीन ते मांगून." मागून येणारे ते मागंच राहिले.

घरात तरी दोघं एकत्र असत म्हणावं, तर तेही नाही. रात्रीची लाईट असली की तो वावरात. पहाटे ती भाजीचे कट्टे घेऊन बाजारात हर्रासाला, लिलावाला. तो जेवून उठला की मग ही ताटावर बसायची. एवढ्या वर्षांचा संसार झाला, पण बोलणं सगळं उभ्या उभ्या. मीठ संपलं. वायर जळाली. लाईट आली. तनुजा नवऱ्याबरोबर पुण्याला राहायला गेली, आणि या तीन वाक्यांपुढे चौथं वाक्य त्या घरात ऐकू येईना. आवडाबाई म्हशीशी बोलायची. म्हैस निदान कान तरी हलवायची.

आता नवरा म्हणाल तर देवमाणूस. दारूला शिवला नाही, बायकोवर कधी हात टाकला नाही, बाजारातून येताना तिच्यासाठी गरम भजे बांधून आणणारा. आणि तरी आवडाबाईला एकटं वाटायचं. भर दुपारी, भरल्या वावरात, तो दोन वाफे पलीकडे वाकून खुरपत असताना एकटं वाटायचं. हे सांगणार कोणाला? शेजारणींना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, बुढीले या वयात चढलं काय. म्हणून ती गप्प राहिली आणि मनात एकच गोष्ट धरून बसली. एकदा, निदान एकदा, या माणसाच्या बाजूला बसून कुठंतरी लांब जायचं. कुठं ते गेलं खड्ड्यात. बाजूला बसायचं.

आणि मग किसनसिंगाच्या डोक्यात चक्री तिकीट शिरलं.

किसनसिंग म्हणजे बाजूच्या मळ्यातला शेजारी, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्यांना फिरवलं, आता बायकोला फिरवतो असं गावभर सांगत सुटला होता. एका संध्याकाळी तो आणि त्याची बायको मनकर्णाबाई आवडाबाईच्या अंगणात येऊन बसले. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची भाजी निवडून ठेवलेली होती. किसनसिंगानं त्यातलं एक वांगं उचललं आणि मधोमध ठेवलं.

"हे आपलं वाशीम," तो म्हणाला. "अथून निंगाचं. हा टमाटा म्हंजे नांदेड. हा दोडका, सिकंदराबाद. मंग ह्या भेंड्या, तिरुपती, मदुरै, रामेश्वर. रामेश्वरले समुद्र. तथून वर चेन्नई, मंग नागपूर, अकोला, आन् फिरून आपल्या वांग्यापाशी. सारा गोल फेरा, आन् तिकीट एकच. चक्री तिकीट म्हन्तेत त्याले."

चंपत उकिडवा बसून तो भाजीपाल्याचा नकाशा बघत होता. जन्मभर व्यापाऱ्यांशी डोकं लावलेला माणूस, फुकट काही मिळतं यावर त्याचा विश्वासच नाही.

"सुटं सुटं तिकीट काढलं त काय बिघडते?" त्यानं विचारलं.

"बिघडत काई नाई. पन दरवेळी नवीन तिकीट म्हंजे दरवेळी नवा भाव. लांबचं एकसाथ जोडून काढलं की स्वस्त पडते."

"स्वस्त देतेत म्हंजे मालात खोड असन."

"खोड हाय न," किसनसिंग हसला. "रस्ता आंधीच सांगा लागते. कुठी कुठी उतराचं, थेबी. मंग मनात आलं म्हनून बदलता येत नाई. अर्ध्यातून वापस फिरलं त तिकीट गेलं पान्यात. आन् एक हाय, तिकीट एक असलं तरी हरेक गाडीत सीट वायली बुक करा लागते."

"मंग परवडत नाई," चंपत म्हणाला. "मानसाचं काय सांगता येते? घरून फोन आला त वापस या लागन का नाई?"

मनकर्णाबाईनं मान डोलावली. पण आवडाबाईच्या कानात किसनसिंगाचं बोलणं जाऊन बसलं. अर्ध्यातून फिरता येत नाही. म्हणजे एकदा का हा माणूस गाडीत चढला की पूर्ण गोल होईपर्यंत तिच्या बाजूलाच. वांग्याला अळी लागो नाही तर मोटार जळो. सुटी तिकिटं काढली तर तो नांदेडच्या पुढे येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. नांदेडला उतरेल, गुरुद्वाऱ्यात हात जोडेल, आणि म्हणेल, झालं, चला, लाईटची पाळी बदलली असेल. स्वस्त-महाग गेलं चुलीत. त्या तिकिटाची जी खोड होती, तीच तर तिला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तनुजाचा फोन आला. पुण्यात गेल्यापासून पोरगी माय सोडून आई म्हणू लागली होती आणि प्रत्येक गोष्ट मोबाईलवर बघून सांगायची.

"आई, मी बघितलं ते चक्री तिकीट. घेऊ नका. एवढी शहरं असतील तर थोडं स्वस्त पडतं, पण तुम्हाला ते सोयीचं नाही. तुम्ही काय रोज उठून फिरणारी माणसं आहात का? सुटी तिकिटं काढा. कंटाळा आला, तब्येत बिघडली, तर परत येता येतं. बाबांचं तर तुला माहीतच आहे. दोन दिवसांत त्यांचा जीव मळ्याकडे ओढ घेईल, आणि मग ते तिकीट वाया."

"म्हनून त पाह्यजे," आवडाबाई म्हणाली.

"काय?"

"काई नाई. रेंज जाऊन राह्यली." आणि चांगली रेंज असताना तिनं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी चंपत जेवायला बसला तेव्हा ती त्याच्यासमोर बसली. एरवी ती चुलीकडे तोंड करून असायची.

"चक्रीच काढा," ती म्हणाली.

"लय मन हाय का तुयं?"

"हाय."

चंपतनं घास हातातच ठेवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं. सांगतो मंग किसनसिंगले." आणि जेवू लागला. आवडाबाईला इतका आनंद झाला की तिनं त्याला न विचारता ताटात आणखी एक भाकर टाकली.

आता तुम्ही म्हणाल, अशी कशी बाई, सरळ तोंडानं 'तुमीबी चला' म्हणायला काय झालं होतं? तेच तर. तिच्या पिढीत नवऱ्याला 'चला ना माझ्यासोबत' असं कोणी म्हणत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला भ्या वाटत होतं. म्हटलं आणि तो नाही म्हणाला तर? न म्हणता जे एकटेपण होतं ते कसंतरी सोसलं जात होतं. तोंडानं म्हणून वर 'नाही' ऐकलं असतं, तर ते सोसवलं नसतं. मग तिनं बायकांची वाट धरली. बोलायचं काही नाही, पण त्याच्या राहण्याची सगळी कारणंच काढून घ्यायची. राखायला काही उरलंच नाही तर माणूस राहील कशाला?

पहिली गेली म्हैस. "माह्यानं धार काढनं होत नाई आता, गुडघे धरतेत," असं म्हणून तिनं ती शिरपूरला भावाकडे पाठवून दिली. म्हैस नेताना तिला रडू आलं, कारण इतक्या वर्षांचं तिचं बोलणं त्या जनावराच्या पोटात होतं. मग पालक-मेथीचं बी टाकायची वेळ आली तर तिनं आडवा हात घातला. "जमिनीले आराम पाह्यजे. मलेबी होत नाई आता रोज रोज खुडनं." चंपत हातातलं बी पुन्हा डब्यात ओतून मुकाट्यानं उठला. उरली होती वांगी. त्यासाठी तिनं कारंज्याहून चंपतचा पुतण्या लखन बोलावला. बायको-लेकरं असलेला, हुशार गडी. "काकू, तुमी फिरून येईपर्यंत मी येतो राहाले," असं त्यानं कबूल केलं. झालं. तिच्या हिशेबानं चंपतला मागं बांधून ठेवणारा एकही खुंटा आता मळ्यात शिल्लक नव्हता.

हात रिकामे झाले तसं तिचं मन गाडीत जाऊन बसू लागलं. खिडकीजवळ ती, बाजूला तो. पहिला दिवस तो वांग्यांचं बोलेल. ठीक आहे, बोलू दे. दुसऱ्या दिवशी आजूबाजूची वावरं बघून म्हणेल, अथं पानी कुठून येत असन. तिसऱ्या दिवशी तेही संपेल. मग? मग तो काय बोलेल, हे आवडाबाईला खरंच माहीत नव्हतं. त्या 'मग'साठी तर तिला जायचं होतं. कदाचित तिच्या बापाबद्दल विचारेल. कदाचित म्हणेल, तनुजा गाडीत बसली तेव्हा रडली होती काय वं. आणि काहीच बोलला नाही, नुसता झोपला, तर त्याची मान हळूच तिच्या खांद्यावर येईल. कोण बघतंय मदुरैला?

चंपतही बदलला होता. बाजारातून येताना त्यानं तिच्यासाठी गुडघ्याला लावायचं औषध आणलं. नंतर एक शाल आणली. मऊ चपला आणल्या आणि स्वतः खाली बसून तिच्या पायात घालून पाहिल्या. एकदा तर चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "डाळ-भाजीत पानी किती टाकतं वं तू?"

चौथं वाक्य. आवडाबाईनं हातातलं काम बाजूला सारून त्याला सगळं सांगितलं. डाळ किती, पालक कधी टाकायचा, लसणाची फोडणी वरून कशी द्यायची. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधे मधे हं म्हणत होता. तिला वाटलं, अजून गाडीतही बसलो नाही आणि हा माणूस बोलायला लागला. त्या दिवशी ती वावरात गाणं गुणगुणत फिरली, आणि मनकर्णाबाईनं तिला त्याबद्दल चिडवूनही घेतलं.

चक्री तिकिटाचा अर्ज वाशीम स्टेशनावरून वर गेला होता. तो मंजूर होऊन आला तशी चंपत आणि किसनसिंग मोटरसायकलवर जाऊन तिकीट घेऊन आले. दिवस मावळायला आला होता. किसनसिंगानं गाडी बंद न करताच हाक दिली, "वहिनी, आमच्यासंग याचं त लवकर उठा लागन बरं," आणि तो आपल्या मळ्याकडे गेला. चंपतनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं तिकीट काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं. दिवाळीला साडी देतानाही तो इतका लाजायचा नाही.

आवडाबाई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वाशीम वाचलं, पुन्हा खाली वाशीम वाचलं. मग माणसांचा आकडा वाचला.

"तीन काहून?" तिनं विचारलं.

"तीनच त. किसनसिंग, मनकर्णाबाई आन् तू."

"आन् तुमी?"

"मी?" चंपतला प्रश्नच कळला नाही. "मी कायले?"

ती तिकिटाकडेच बघत राहिली, तसा तो उंबऱ्यावर बसला आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं सलग बोलला.

"म्हैस देल्ली तू, तवाच समजलो मी. बी टाकू देल्लं नाई, तवा त पक्कंच समजलो. म्हटलं, थकली हे. म्हनत नाई तोंडानं, पन थकली. सारा जन्म राबली, मले रांधून रांधून वाढलं. जाऊ द्या एकडाव तिले, कोनाचं कराचं नाई, कोनाले वाढाचं नाई. तनुजा म्हने सुटे तिकीट काढा, वापस येता येते. मी म्हटलं, नाई, चक्रीच काढू. सुटं काढलं त हे नांदेडवरून वापस येईन, म्हनन बुढा उपाशी असन. चक्री असलं म्हंजे पूर्नं फिरून येईन. किसनसिंगले सांगतलं, खालची सीट पाह्य तिच्यासाठी, गुडघे दुखतेत तिचे. माही फिकर करू नको. डाळ-भाजी येते आता मले."

त्याचे डोळे ओले झाले होते. आवडाबाई ऐकत उभी होती. इतकी वर्षं ज्या बोलण्याची तिनं वाट पाहिली ते असं आलं, आणि सगळं तिला लांब पाठवण्याबद्दल आलं. तिचा इतका विचार या माणसानं केला होता. फक्त स्वतःला त्यात कुठं धरलंच नव्हतं.

"अजून एक तिकीट निंगन का?" तिनं विचारलं.

"निंगन न. कायले नाई निंगत? पन कोनासाठी?"

"अथी राखाले काय हाय आता?" तिचा आवाज चढला. "म्हैस नाई. पालक नाई, मेथी नाई. वांगे लखन तोडीन. काय राखता तुमी?"

चंपतनं गोठ्याकडे पाहिलं, रिकाम्या वाफ्यांकडे पाहिलं. खरंच पाहिलं, काही सापडतं का ते. मग म्हणाला, "कोनीतरी राह्यलं पाह्यजे न घरी."

हे त्यानं हट्टानं म्हटलं असतं तर ती भांडली असती. पण तो इतक्या साधेपणानं म्हणाला की भांडायला जागाच नव्हती. दोघांनी उठून जायचं असतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. नाही म्हणायला निदान ते डोक्यात यावं लागतं.

"मले तुमच्यासंग जाचं होतं," आवडाबाई म्हणाली. शेवटी म्हणाली. "समुद्र नाई पाह्यला तरी चालते मले. तुमच्याजवळ बसाचं होतं. लय वर्सं झाले, मले एकटं वाटते."

चंपत तिच्याकडे बघत राहिला. त्याला समजून घ्यायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो कपाळाला आठ्या घालून विचार करत होता, मोटार का बंद पडली ते शोधताना करायचा तसा. मग त्याचा चेहरा मोकळा झाला.

"एकटं कायचं वं?" तो म्हणाला. "मी त अथीच हाओ न. मी कुठी चाल्लो?"

आवडाबाईनं तिकीट पिशवीत घातलं आणि त्याच्या बाजूला उंबऱ्यावर बसली. खांद्याला खांदा लागत होता. रस्त्यानं रिसोडची एसटी गेली, तिचा धुरळा खाली बसला.

मग चंपत गुडघ्यावर हात टेकून उठला. "बस तू," तो म्हणाला, "मी एक चक्कर मारून पाहून येतो," आणि रिकाम्या वाफ्यांकडे चालू लागला. तिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं.